डिझेल ट्रक, कडाक्याची थंडी आणि इंजिन ब्लॉक हीटर

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत उभे असलेले कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक आहे. सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या त्या अधिवेशनाच्या वेळी हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. जानेवारीच्या पहाटे या कमानीच्या परिसरातील पारा ८-१० अंश सेल्सिअसपर्यंत, थंडीची लाट असल्यास त्याहूनही खाली उतरतो. अशा वेळी माल उतरवण्यासाठी आलेल्या डिझेल गाडीचा सेल्फ दोन-चार क्षण जास्त मारावा लागतो, पांढऱ्या धुराचा एक लोट निघतो आणि गाडी सुरू होते. इंजिन आधी तापवून घेण्याची गरज येथे कोणालाच भासत नाही. मात्र याच शहरात तयार झालेले हजारो ट्रक ज्या ठिकाणी गेले, तेथे पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो आणि सकाळी इंजिन सुरू होणे अथवा न होणे, यावर शिधा, औषधे आणि इंधन पुढच्या ठाण्यापर्यंत पोहोचणे अवलंबून असते.

जबलपूर आणि ट्रक यांचे नाते जुने आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक येथे बांधला जाऊ लागला. पुढे १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली आणि ट्रकचे काम तिकडे गेले. शक्तिमानचे उत्पादन १९९० च्या दशकात थांबले. त्याची जागा अशोक लेलँडच्या आराखड्यावरील ‘स्टॅलियन’ आणि टाटांच्या आराखड्यावरील ‘एलपीटीए’ या ट्रकनी घेतली. आयुध निर्माणी मंडळ ऑक्टोबर २०२१ मध्ये विसर्जित झाल्यानंतर ही व्हेईकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग झाली. झोजी ला, खारदुंग ला आणि चुशूलच्या वाटेवर लष्करी ट्रक पाहिलेल्या अनेकांनी जबलपूरची निर्मिती नकळत पाहिलेली असते.

यात इतिहासाचा एक धागा असा की, रुडॉल्फ डिझेल यांनी आपले पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये ज्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात चालवून दाखवले, तो कारखाना दुसऱ्याच वर्षी न्यूरेम्बर्गच्या कंपनीत विलीन झाला आणि त्यातूनच ‘मान’ उभी राहिली. डिझेल इंजिनाचे मूळ घर आणि जबलपूरचा शक्तिमान यांचे असे थेट नाते आहे.

थंडीत डिझेल इंजिन का अडते?

पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरमधील हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. या दाबाने हवा ५०० अंशांहून अधिक तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, त्याचाच हा कित्येक पटींनी मोठा प्रकार आहे.

या रचनेतच थंडीचे दुखणे दडलेले आहे. आत येणारी हवा उणे २० अंशांची असेल, तर दाबल्यानंतरचे तिचे तापमानही त्या प्रमाणात कमी राहते. त्यातही सिलिंडरच्या थंडगार लोखंडी भिंती निर्माण झालेली उष्णता लगेच शोषून घेतात. इंजिन वेगाने फिरले तर उष्णता निसटण्यास वेळ मिळत नाही; पण थंडीत ते वेगाने फिरतच नाही. चेंबरमधील तेल मधासारखे घट्ट झालेले असते आणि ते घुसळत क्रँक फिरवण्यासाठी सेल्फला नेहमीपेक्षा अधिक जोर लागतो. हा जोर ज्या बॅटरीने द्यायचा, तिची रासायनिक क्रिया थंडीने मंदावलेली असते. साधी शिसे-आम्ल बॅटरी उणे १८ अंशांच्या सुमारास आपल्या नेहमीच्या जोराच्या निम्म्याच्या आसपासच जोर देऊ शकते. थोडक्यात, काम वाढते त्याच वेळी काम करणारा थकलेला असतो.

लडाखमध्ये यात उंचीची भर पडते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. पाच हजार मीटरपुढील खिंडींत तो निम्म्यावर येतो. दाबायला हवाच कमी असल्याने त्या हवेतून मिळणारी उष्णताही अपुरी पडते. सपाटीवरील एखाद्या शहरात उणे १५ अंशांना सुरू होणारे इंजिन लडाखच्या उंचीवर त्याच तापमानाला हट्ट धरून बसते, ते यामुळे.

ग्लो प्लग किंवा आत येणाऱ्या हवेला ऊब देणारी तार यांमुळे ही अडचण काही अंशी दूर होते. परंतु ही साधने केवळ ज्वलनाच्या जागेपुरती किंवा हवेपुरती मर्यादित आहेत. शे-पाचशे किलोचे गारठलेले लोखंड आणि घट्ट झालेले तेल यांवर त्यांचा इलाज नाही. तेथे ब्लॉक हीटरचे काम सुरू होते.

पाणी तापवण्याच्या कांडीसारखे साधन

ब्लॉक हीटर हे मुळात अगदी साधे उपकरण आहे. घरात बादलीतील पाणी तापवण्यासाठी विजेची कांडी वापरतात, तिचाच हा लहान आणि मजबूत भाऊबंद म्हणता येईल. इंजिनच्या ब्लॉकमध्ये ओतकामाच्या वेळी राहिलेली गोल भोके पत्र्याच्या बुचांनी बंद केलेली असतात. त्यांपैकी एक बूच काढून तेथे हीटर बसवतात. त्याचे तापणारे टोक आतल्या कूलंटमध्ये बुडालेले राहते आणि बाहेरची वायर पुढच्या जाळीपर्यंत आणून ठेवलेली असते. गाडी उभी केली की पिन विजेच्या सॉकेटमध्ये घालायची. तापलेले कूलंट हलके होऊन वर सरकते, थंड कूलंट खाली येते आणि कोणत्याही पंपाशिवाय उष्णता हळूहळू संपूर्ण ब्लॉकमध्ये पसरते. मोठ्या ट्रकसाठी रेडिएटरच्या खालच्या नळीत बसणारे किंवा बाहेर वेगळी टाकी असलेले हीटरही मिळतात. तेलाच्या चेंबरला बाहेरून चिकटवायच्या तापपट्ट्या आणि बॅटरीभोवती गुंडाळायची उबदार आवरणेही याच कुळातील आहेत.

अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथे वीज सहकारी संस्थेत काम करणारे अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. इंजिनच्या डोक्यावरील एक बोल्ट काढून त्या जागी त्यांचा तापणारा बोल्ट बसत असे. आज कॅनडाच्या मध्य भागातील प्रांतांत गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी विजेची पिन हे हिवाळ्यातील नेहमीचे दृश्य आहे. तेथील अनेक कार्यालयांच्या आणि निवासी इमारतींच्या वाहनतळांवर प्रत्येक जागेपाशी सॉकेटचा खांब असतो. कामानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात हा धडा घ्यावा लागतो.

मोटारगाडीच्या हीटरची क्षमता साधारण ४०० ते ६०० वॅट, तर ट्रकच्या हीटरची १,००० ते १,५०० वॅट असते. एवढ्या शक्तीने काय साध्य होते, याचा ढोबळ हिशेब करता येतो. इंजिनचे लोखंड ५०० किलो आणि कूलंट ३० लिटर धरले, तर हे सारे एका अंशाने तापवण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. एक हजार वॅटचा हीटर तीन तासांत १०,८०० किलोज्यूल उष्णता देतो. म्हणजे काहीही वाया न जाता तापमान सुमारे ३२ अंशांनी वाढावे. प्रत्यक्षात वारा आणि उघडे लोखंड यांमुळे बरीच उष्णता निघून जाते आणि हाती साधारण २० अंशांची वाढ लागते. बाहेर उणे २५ असताना इंजिन उणे ५ अंशांवर येणे, ही गोष्ट दिसायला किरकोळ आहे. पण सुरू होणारे आणि न होणारे इंजिन यांच्यातील फरक बहुधा एवढाच असतो.

वीजखर्च पाहिला, तर तीन तासांत तीन युनिट. रात्रभर हीटर चालू ठेवल्याने फारसा अधिक लाभ होत नाही. तीन-चार तासांनंतर जेवढी उष्णता आत जाते, जवळपास तेवढीच बाहेर निसटू लागते आणि तापमान एका जागी थांबते. म्हणूनच कॅनडातील जाणते चालक टायमर लावतात आणि निघण्याच्या वेळेआधी तीन-चार तास हीटर आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था करतात.

गोठलेल्या डिझेलवर हा उपाय नाही

ब्लॉक हीटरविषयी सर्वात मोठा गैरसमज इंधनाबाबत आहे. डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. तापमान उतरले की त्यांचे स्फटिक बनतात, डिझेल गढूळ दिसू लागते आणि हे स्फटिक फिल्टरच्या जाळीत अडकून इंधनाचा मार्ग बंद करतात. इंजिन कितीही तापवले, तरी टाकी, नळी आणि फिल्टर थंडच असतात. परिणामी इंजिन सुरू होते, नळीत शिल्लक असलेल्या डिझेलवर काही मिनिटे चालते आणि मग भर रस्त्यात बंद पडते. घाटात असे घडणे हे गाडी तळावरच न सुरू होण्यापेक्षा कितीतरी धोकादायक असते.

भारतीय मानक आयएस १४६० नुसार सर्वसाधारण डिझेल हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, ६ अंशांपर्यंत आणि उरलेल्या महिन्यांत १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे, अशी अट आहे. प्रत्यक्षातील डिझेल यापेक्षा सरस असू शकते. पण हमी एवढीच. नाशिकहून कांदा किंवा द्राक्षे घेऊन जम्मूच्या पुढे जाणाऱ्या चालकाने हे ध्यानात ठेवणे हिताचे आहे. मैदानी प्रदेशातील पंपावर भरलेली टाकी घेऊन बनिहालपलीकडे मुक्काम केल्यास सकाळी फिल्टर तुंबलेला मिळू शकतो. वर चढण्यापूर्वी टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्यावी आणि थंड प्रदेशातील पंपावर तेथील डिझेल भरावे, हा अनुभवी चालकांचा शिरस्ता त्यामुळेच आहे.

लडाखसाठी इंडियन ऑइलने पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना उपलब्ध करून दिले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. तोवर तेथील वाहनधारक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ निभावत असत. रॉकेलने डिझेल पातळ होते हे खरे. पण त्यात वंगणाचा गुण कमी असल्याने पंप आणि नोझल झिजतात, धूरही वाढतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या इंजिनांना असे मिश्रण मुळीच सोसत नाही. याच गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी वापरला जाणारा युरियाचा द्राव उणे ११ अंशांना गोठतो. त्याची टाकी वितळवण्याची व्यवस्था गाडीतच असल्याने चालकाने त्यात गरम पाणी ओतण्याचे धाडस करू नये.

सॉकेट कोठून आणायचे?

लडाखमध्ये ब्लॉक हीटर कॅनडाइतका रुळलेला नाही, याचे कारण यंत्रात नसून विजेत आहे. श्रीनगर-लेह वीजवाहिनी फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली आणि लेह व कारगिल राष्ट्रीय जाळ्याशी जोडले गेले. निमू-बाझगो आणि चुटक हे जलविद्युत प्रकल्प त्याआधीच कार्यान्वित झाले होते. शहरातील तळांवर सॉकेट मिळणे आता शक्य आहे. दूरच्या छावण्या आणि खिंडींतील थांबे येथे मात्र सारी भिस्त जनरेटरवर असते आणि उंचीवर जनरेटरचीही ताकद घटते.

ट्रकच्याच बॅटरीवर हीटर का चालवू नये, असा प्रश्न काहींना पडतो. एक हजार वॅटचा हीटर २४ व्होल्टवर ४० अँपिअरहून अधिक प्रवाह खेचेल. ट्रकच्या नेहमीच्या बॅटऱ्या तीन तासांच्या आतच रिकाम्या होतील आणि कोमट इंजिन फिरवण्यास वीजच उरणार नाही. शिवाय, पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांनाही सहसा गोठत नाही. रिकामी झालेली बॅटरी मात्र उणे ८-१० अंशांनाच गोठून फुटू शकते.

म्हणूनच वीज नसलेल्या ठिकाणी डिझेलवर चालणारा छोटा हीटर अधिक उपयोगी ठरतो. जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. टाकीतील थोडेसे डिझेल एका बंद डबीत जाळून हे यंत्र कूलंट तापवते आणि लहानशा पंपाने ते इंजिनभर फिरवते. पंप आणि पंख्यापुरतीच वीज लागते. किंमत ब्लॉक हीटरच्या अनेक पटींनी जास्त असली, तरी ट्रक कोठेही उभा असो, त्याचे काम अडत नाही.

जुने उपाय आणि त्यांची किंमत

या दोन्ही साधनांच्या अभावी चालकांनी आपापले मार्ग शोधले. चेंबरखाली शेगडी किंवा स्टोव्ह पेटवणे हा सर्वात जुना. त्याने तेल पातळ होते खरे. पण गळलेले डिझेल, रबरी नळ्या आणि वायरी तेथून वीतभर अंतरावर असतात, हे विसरून चालत नाही. रात्री रेडिएटरचे पाणी काढून ठेवणे आणि सकाळी गरम पाणी ओतणे हा दुसरा मार्ग. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि ब्लॉकला तडा जातो, म्हणून ही खटपट. त्याऐवजी ग्लायकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळलेले कूलंट वापरल्यास ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांनाच गोठते, त्यामुळे ‘पाणी नकोच’ हा अतिरेक अंगलट येतो.

तिसरा मार्ग इंजिन रात्रभर चालू ठेवण्याचा. मोठा ट्रक उभ्या अवस्थेत तासाला दोन-तीन लिटर डिझेल पितो, म्हणजे रात्रीत सुमारे २० लिटर. तीन युनिट विजेच्या कामासाठी ही किंमत अवाच्या सवा आहे. त्याहून गंभीर बाब चालकाच्या जिवाची. बर्फात रुतलेल्या किंवा खेटून उभ्या असलेल्या गाडीचा धूर केबिनमध्ये शिरतो. ऊब मिळावी म्हणून बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचे तर गुदमरून प्राण जातात. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. ब्लॉक हीटर इंजिन तापवतो, केबिन नव्हे. ही मर्यादा चालकाने ओळखून असावे.

हवेच्या मार्गात ईथरचा फवारा मारणे हा चौथा उपाय. ग्लो प्लग किंवा हवा तापवणारी तार असलेल्या इंजिनात तो भलत्या वेळी पेटून दट्ट्या फोडू शकतो. तो टाळलेलाच बरा.

महाराष्ट्रातही आहे, पण ट्रकमध्ये नाही

निफाडला पारा एक-दोन अंशांवर आला, तरी तेथील ट्रकला ब्लॉक हीटरची गरज नसते. योग्य तेल, चांगली बॅटरी आणि चालू ग्लो प्लग एवढे पुरते. तेलाच्या डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ मधील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी आहे. १५ अंकाच्या तेलाची थंडीतील चाचणी उणे २० अंशांना, तर ५ अंकाच्या तेलाची उणे ३० अंशांना घेतात. पुण्याच्या ट्रकला १५ चालते, द्रासला जाणाऱ्याला ५ हवे.

तरीही मुंबई-पुण्यातील रुग्णालयांत हे उपकरण शांतपणे काम करीत असते. वीज गेल्यावर काही सेकंदांत शस्त्रक्रियागृहाचा भार उचलणाऱ्या मोठ्या डिझेल जनरेटरचे कूलंट अनेक ठिकाणी हीटरने सतत कोमट ठेवलेले असते. थंड इंजिनावर एकदम पूर्ण भार टाकल्यास ते दम टाकते आणि झिजते, म्हणून ही तजवीज.

ट्रकवर ब्लॉक हीटर बसवताना व्होल्टेजची खातरजमा पहिल्यांदा करावी. उत्तर अमेरिकेतून मागवलेला १२० व्होल्टचा हीटर आपल्या २३० व्होल्टवर साडेतीन पटींहून अधिक शक्ती खेचून जळून जातो. हीटर बसवल्यावर कूलंट पूर्ण भरून त्यातील हवा काढावी, कारण कोरडे राहिलेले टोक काही क्षणांत निकामी होते. पिन तीन दांड्यांची आणि अर्थिंग पक्के असावे. ओल्या बर्फात उभ्या असलेल्या लोखंडी ट्रकला विजेचा स्पर्श झाल्यास दार उघडणाऱ्याचा हातच पहिल्यांदा सापडतो. वायर जाड हवी आणि ती पंख्यापासून व गरम नळ्यांपासून दूर बांधलेली हवी.

सकाळी आधी सॉकेटचे बटण बंद करावे, मग पिन काढून वायर जाळीपाशी गुंडाळावी आणि त्यानंतर सेल्फ मारावा. इंजिन सुरू होताच रेस करू नये. चेंबरच्या तळाचे तेल अजूनही थंड असते आणि ते वरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचण्यास थोडा वेळ लागतो. तेलाच्या दाबाचा काटा स्थिर झाला की गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू काढावी आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चालवावी, कारण रात्रभर गारठलेल्या गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्यातील तेलाला ब्लॉक हीटरची ऊब मिळालेली नसते.